सूचना देणारा लहानू टेंभुर्णे

माझ्या हातून उतरलेली सगळ्यात यशस्वी ओळ रायपूरला लागून असलेल्या बीरगांवच्या दारूच्या दुकानासाठी होती. समोरचा चहा गार व्हायच्या आत ती जमली. तिच्यामुळे त्या संध्याकाळी दुकानासमोर इतकी माणसं लोटली की लोखंडी शटर आत वाकलं, काउंटरच्या काचेनं एका कामगाराचा पंजा फाटला आणि पोलिसांनी येऊन दुकान वेळेआधीच बंद केलं. लिहिणाऱ्याला याहून मोठा प्रतिसाद क्वचितच मिळत असेल.

मी तेव्हा ब्राह्मणपाऱ्यातल्या एका प्रचाराच्या दुकानात कामाला होतो. शाळा तुमसरला झाली, कॉलेज तिथेच अर्धवट राहिलं, आणि 'नवी राजधानी झाली आहे, काहीतरी मिळूनच जाईल' या भरवशावर समता कॉलनीतल्या श्यामरावमामाकडे येऊन पडलो. राजधानी खरंच नवी होती. मंत्रालय जुन्या दवाखान्याच्या इमारतीत बसत होतं. शहरभर पाट्यांवरचं 'मध्यप्रदेश' पुसून 'छत्तीसगढ' लिहिणं चालू होतं. पाट्या रंगवणाऱ्यांना काम होतं, म्हणून मलाही होतं. बॅनर, पत्रकं आणि गल्लोगल्ली फिरणारी भोंग्याची रिक्षा, या सगळ्यांसाठी हिंदीत खमंग ओळी लिहायच्या. बीरगांवची भोंग्याची कामं लहानू टेंभुर्णे करायचा.

तर मार्चच्या शेवटच्या सकाळी शालिग्राम आला. हा दारूच्या ठेकेदाराचा मॅनेजर. दरसाल एकतीस मार्चला ठेका संपतो. नव्या सालचा ठेका दुसऱ्याला गेला असेल, तर जुना ठेकेदार उरलेला माल मिळेल त्या भावानं काढून मोकळा होतो. कुणी हे बोलून दाखवत नाही. त्या दिवशी रस्त्यावर रिकाम्या पिशव्या घेऊन चालणारी माणसं तेवढी वाढतात. पण शालिग्रामकडे माल जास्त उरला होता, आणि पिशव्यांची वाट पाहत बसायची त्याची तयारी नव्हती.

"लिखके कुछ नहीं देना," तो म्हणाला. "न पर्चा, न बैनर. लिखा हुआ पकड़ा जाता है, बोला हुआ हवा है. और नाम किसी का नहीं आना चाहिए. न दुकान का, न सेठ का, न माल का."

मी विचारात पडल्याचा चेहरा केला आणि लिहिलं: 'साल की आख़िरी शाम, आधे से भी कम दाम. एक के साथ एक मुफ़्त, वहीं जहाँ आप रोज़ जाते हैं.'

शेवटच्या तुकड्यावर मी फार खूष होतो. दुकानाचं नाव नाही, मालाचं नाव नाही, तरी बीरगांवात पत्ता चुकेल असा एकही माणूस नव्हता. शालिग्रामनं मान डोलावली. नावं शोधून शोधून काढली होती मी. एक तेवढं राहिलं. ते कागदावर नव्हतंच, त्यामुळे खोडायचं सुचलं नाही.

लहानूची रिक्षा म्हणजे तीनचाकी सायकल. पुढे एक भोंगा, मागे एक, सीटखाली बॅटरी, लाकडी पेटीत अॅम्प्लिफायर. इतर रिक्षावाले कॅसेट लावून बिडी ओढत बसत, हा मात्र स्वतः बोले. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "कॅसेट थांबत नाही, बाबू. समोरून मयत आली तं मानूस थांबते." त्याचा आवाज काही भारी नव्हता. मोठं करायचं काम भोंग्याचं, असं तो म्हणे. कोरडा, सपाट आवाज. दारात उभं राहून पोस्टमननं पाकिटावरचं नाव वाचावं तसा. आणि काहीही सांगून झालं, कूलरचा सेल असो, पोलिओचा डोस असो, कुणाची हरवलेली म्हैस असो, की शेवटी ठरलेलं वाक्य: "सूचना देने वाला, लहानू टेंभुर्णे, बीरगांव."

आमच्या मालकाला हे शेपूट नको असायचं. गिऱ्हाईक पैसे मोजतं स्वतःच्या नावासाठी, आणि हा मध्येच आपलं नाव घुसवतो. पण बीरगांवात या शेपटावाचून सूचनेला सूचना मानत नसत. पाण्याचा टँकर येणार असं दुसरं कुणी ओरडून गेलं, तर बाया घागरी उचलत नसत. पोरं क्रिकेटमध्ये गडी बाद झाला की तोंडाशी मूठ धरून म्हणत, "आउट. सूचना देने वाला, लहानू टेंभुर्णे."

नवा होतो तेव्हा मी त्याला चिडवायचो. "लहानूभाऊ, मंत्रीसुद्धा भाषण संपल्यावर नाव-गाव सांगत नाहीत."

"त्याईले गरज नाही," तो म्हणाला. "त्याईच्या मांगं बोर्ड लावला राहते."

खरं कारण मला त्याच्या बायकोकडून, कांताबाईकडून कळलं. बीरगांवात बौद्ध वस्तीच्या एका गल्लीत त्यांचं घर होतं, दोन खोल्यांचं. दिवसभराच्या फेरीनंतर हिशेबाला गेलो की ती मला जेवायला बसवी आणि बोलायला लागे. लहानूचे वडील भंडाऱ्याकडच्या एका गावचे. गावात दवंडी द्यायचं काम त्यांच्या घराकडे होतं. दवंडी पाटलाची, हुकूम सरकारचा, पाय आणि घसा यांचा. मेल्याची खबर घेऊन परगावी जायचं तेही यांनीच. छप्पन साली ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, आणि दुसऱ्या दिवशी पाटलाच्या ओसरीवर डफ ठेवून म्हणाले, हे तुमचं, हे घ्या. त्यानंतर गावात काम मिळेना, तेव्हा रायपूरची वाट धरली.

"आन् त्याईच्या पोरानं काय करावं?" कांताबाई पोळी उलटत म्हणाली. "बाजूच्या उरल्याच्या रोलिंग मिलमंधी चांगला होता. मिल बंद पडली. मंग यानं भोंगा घेतला. पहिल्या दिवशी सासरे दारात उभे. म्हनले, मी जे टाकून आलो थे तू उचललं काय रे? बोलले नाही मंग किती दिस."

"मग?"

"मंग काय. हा म्हनला, बा, तुमी दवंडी देत होता तवा तुमचं नाव कोनी घेतलं काय? मी माह्या नावानं देतो. तवापासून हे शेपूट."

लहानू तिकडे हात धूत होता. "शेपूट नोको म्हनू," तो म्हणाला. "बाकी सूचना शेपूट हाय."

एवढं माहीत असूनही एकतीस मार्चला मी त्याच्या हातात ती चिठ्ठी दिली. त्यानं ती दोनदा वाचली.

"हे दारूचं हाय ना?"

"दारूचं नाव कुठं आहे यात?"

"नाही, म्हनूनच इचारलं. असं बोलता येते काय, बाबू?"

"आज सगळेच विकतात, भाऊ."

"इकतात थे मले दिसते. बोलतात काय, थे इचारून राहिलो."

मला माहीत नव्हतं. पण माहीत नाही हे म्हणायचं वळण आमच्या शाळेत लावलं नव्हतं. मालकानं काम घेतलं आहे, एवढं मी म्हणालो. त्यानं चिठ्ठी घडी करून खिशात घातली. "गोष्ट त्याईची, तोंड माहं," असं स्वतःशी म्हणाला आणि पायडल मारलं.

पुढचं मी वर सांगितलंच. फक्त एवढं राहिलं की 'एक के साथ एक' हे शालिग्रामनं ज्या बाटलीवर ठेवलं होतं ती बाटली बीरगांवात कुणी पीत नसे. लोक आपल्या रोजच्या बाटलीवर दुसरी मागू लागले. आतला पोट्टा नाही म्हणाला. मग मागून रेटा आला. काच फुटली तेव्हा सगळ्यात पुढे लहानूच्याच गल्लीतला एक कामगार होता. त्याचा उजवा हात मशीनवर चालायचा. दवाखान्यात टाके घातले, पण दोन बोटं वळत नव्हती. त्याची बायको पद्मिनी, कांताबाईच्या महिला मंडळातली. हेच मंडळ ते दुकान शाळेजवळून हलवा म्हणून अर्ज करत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. ठेकेदारानं सांगितलं की आम्ही कुठलीही सूट जाहीर केली नव्हती, गर्दी आपोआप झाली. आणि कागदावर खरंच काही नव्हतं. शालिग्राम बरोबर होता, बोललेलं हवेत गेलं होतं. पण त्या हवेत एक नाव होतं आणि ते अर्ध्या बीरगांवानं ऐकलं होतं. आबकारी ऑफिसातून लहानूला बोलावणं आलं.

त्याआधी त्याच्या घरी दोघं जण येऊन गेले. दोन्ही वेळा मी तिथे होतो. माझे पाय तिकडे वळत होते, पण जाऊन काय करायचं ते पायांनाही ठाऊक नव्हतं.

पहिला शालिग्राम. खाटेवर न बसता उभ्या उभ्या बोलला. "टेंशन की बात नहीं है, लहानू भैया. तुम्हारा नाम तो बच्चा-बच्चा लेता है. कह देना, किसी ने नकल उतारी. मैं घर पे था. बस. तुम भी छूटे, हम भी छूटे." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ये भी छूटा."

मी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होतो. उपाय बिनतोड होता, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडला होता.

संध्याकाळी यशदीप आला. चौदा एप्रिलच्या जयंती समितीचा नवा अध्यक्ष, प्लँटमध्ये नोकरीला, पंचवीस-सव्वीसचा. मराठी सगळी समजे, बोले हिंदीतच. जयंतीच्या मिरवणुकीत पुढच्या गाडीवर माइक लहानूच्या हातात, हे त्या वस्तीत इतकं ठरलेलं होतं की समितीच्या बैठकीत तो विषय कधी निघतच नसे. यंदा निघाला होता.

"काका, महिला मंडल बहुत गुस्से में है," यशदीप म्हणाला. "कह रही हैं, जिसने इकतीस को दारू बेची, वो चौदह को बाबासाहब का नाम कैसे लेगा. पर आप ऑफिस में मना कर दो, कि आवाज़ आपकी नहीं थी, तो मैं सबको समझा लूँगा. कोई भी नकल कर सकता है. माइक आपका ही रहेगा."

"आन् हव म्हनलं तं?"

यशदीपनं चपला पायात सरकवल्या. मग हळूच म्हणाला, "तो फिर मेरे हाथ में नहीं है, काका."

तो गेल्यावर लहानू दारात बसून होता. कांताबाई भाजी निवडत होती. एकतीस तारखेपासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

"तुले काय वाटते?" त्यानं तिला विचारलं.

"मले इचारून गेले होते काय एकतीसले?"

"नाही."

"मंग आता बी नोका इचारू."

थोड्या वेळानं आपणहूनच म्हणाली, "चौदाले तुमचा आवाज आला नाही तं मले दिस उगवल्यासारखा नाही वाटनार. थे एक सांगून ठेवते." आणि भाजी घेऊन आत गेली.

आबकारी ऑफिसात मी त्याच्यासोबत गेलो. साहेब वयानं बरेच मोठे, चष्मा कपाळावर सरकवलेला. आवाज चढवायचा त्यांना कंटाळा असावा. लहानूला त्यांनी बसायला सांगितलं, मलाही. मग शिकवणीला आल्यासारखं समजावून सांगितलं.

"देखिए, दाम सरकार तय करती है. उससे ऊपर नहीं, नीचे भी नहीं. मुफ़्त कुछ नहीं, इनाम नहीं, कूपन नहीं. और इश्तहार तो किसी सूरत में नहीं. लोग पूछते हैं, सस्ता बेचने में क्या पाप है. चावल सस्ता मिले तो आदमी कल के लिए रख लेता है. ये चीज़ कोई कल के लिए नहीं रखता. इसलिए नियम है."

मी मनात माझी ओळ पुन्हा म्हणून पाहिली. कमी भाव होता, फुकट होतं, जाहिरात होतीच. एका ओळीत इतके नियम मोडणं तसं सोपं नाही.

"अब आपकी बात," साहेब म्हणाले. "नाम आपका लिया गया, ये दस लोगों ने लिखवाया है. पर नाम तो कोई भी ले सकता है. मेरे ड्राइवर का लड़का भी लेता है, मैंने सुना है. तो पूछना पड़ेगा. बोले आप थे?"

दार उघडं होतं. साहेबांनीच उघडून धरलं होतं, आणि मला वाटतं मुद्दाम. हवेवर खटला चालवायची त्यांनाही हौस नव्हती. 'नाही' एवढं म्हटलं की लहानू मोकळा, शालिग्राम मोकळा, मी मोकळा, आणि चौदा तारखेला गाडीवर माइक.

लहानू टेबलावरच्या ग्लासातलं पाणी प्यायला. ग्लास खाली ठेवला.

"मेरा नाम कोई दूसरा लेता तो मैं मना करता, साहब," तो म्हणाला. "वो मैंने ही लिया था."

साहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "सोच लीजिए. लिखूँगा तो मिटेगा नहीं."

"लिखिए. काम शालिग्रामजी की दुकान का था, वो भी लिखिए. बोला मैं."

"और बनाया किसने? ये जो तुकबंदी है?"

मी खुर्चीवर पुढे सरकलो, एवढं श्रेय मला द्या. तोंड उघडणार तोच लहानूनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हात जड होता.

"बोला मैं, साहब," तो पुन्हा म्हणाला. साहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तेवढंच लिहिलं.

मग म्हणाले की केस चालेल, भोंगे, अॅम्प्लिफायर, माइक जप्त होतील, उद्या सकाळी आणून जमा करा.

"आज का दिन सेट मेरे पास है?"

"आज है. क्यों?"

"एक सूचना देनी है. जो गलत बोला था, उसको सुधारना है."

"गलत बात सुधारने पर रोक है, ऐसा तो मैंने कहीं पढ़ा नहीं," साहेब म्हणाले, आणि पुढची फाईल ओढली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मला काहून थांबवलं, भाऊ?"

"भोंग्यावर तुह्यं नाव घेतलं होतं काय म्या?"

"नाही."

"मंग. तिथं दोन नावं लागली असती तं माहं अर्धं झालं असतं."



दुपारी आम्ही निघालो. तो बोलणार म्हणून पायडल मी मारायचं ठरलं. तीनचाकी सायकल दिसते गरीब, पण तिचं हँडल माझ्या मताशी क्वचितच सहमत होई. पहिल्याच वळणावर मी एका भाजीच्या गाड्याला नमस्कार करून आलो. "आरामात," लहानू मागून म्हणाला. "सूचना पोचवायची हाय, दवाखान्यात नाही जायचं." त्या दिवसातलं त्याचं हे एकच हलकं वाक्य.

मजकूर मी लिहून देतो म्हटलं, तर त्यानं मान हलवली. एकतीस तारखेला जिथून सुरुवात केली होती तिथेच, फॅक्टरीच्या रस्त्यावर, त्यानं माइक रुमालानं पुसला आणि त्याच कोरड्या आवाजात म्हणाला, "इकतीस तारीख को शराब पर छूट की सूचना दी गई थी. वो सूचना गलत थी. शराब पर छूट देना मना है. उसकी सूचना देना भी मना है. वो सूचना मैंने दी थी. सूचना देने वाला, लहानू टेंभुर्णे, बीरगांव."

पाळी सुटली होती. सायकली थांबल्या. एकानं विचारलं, "मतलब अब नहीं मिलेगी, भैया?" त्याचे सोबती हसले. दुसरा ओरडला, "लहानू भैया, इस सूचना के साथ एक सूचना फ्री है क्या?" लहानूनं त्याच्याकडे पाहिलं, मग पुन्हा सुरुवातीपासून सगळं सांगितलं. फ्री. या खेपेला कुणी हसलं नाही.

पुढच्या चौकात एक दारुडा रिक्षेसोबत चालू लागला. त्याला वाटलं पुन्हा सेल आहे. बाजारातल्या कापडवाल्यानं, ज्याचं लहानूनं कित्येक दिवाळ्या काम केलं होतं, हातानं खूण केली, माझ्या दुकानासमोर नको. लहानू तिथून पुढे सरकला आणि शेजारच्या दुकानासमोर बोलला. प्रत्येक गल्लीत तेवढंच. एकही शब्द कमी केला नाही, लाजेखातर घाईही केली नाही. मी पुढे हँडलशी भांडत होतो, त्याचा चेहरा मला दिसत नव्हता. ते एका परीनं बरंच होतं.

त्याची गल्ली शेवटची ठेवली होती. तिच्या तोंडाशी आलो आणि भोंगे खरखरू लागले. मग फक्त खर, आणि मग तीही बंद. बॅटरी बसली.

"झालं ना, भाऊ," मी म्हणालो. "सगळ्या बीरगांवानं ऐकलं. गल्लीत आतापर्यंत कळलंच असेल."

"कयलं असंल," तो म्हणाला. "पन म्या सांगितलं नाही. माह्या गल्लीत नाही बोललो तं कुठंच नाही बोललो."

कोपऱ्यावर नत्थूचं बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान होतं. नत्थू तिथलाच, छत्तीसगढी माणूस, तोंडात सदा गुटखा. तो सगळं बघत होता. विचारायच्या आत त्यानं एक बॅटरी उचलून रिक्षेत ठेवली. "भरी हुई दे रहा हूँ," तो म्हणाला. "भरी हुई वापस चाहिए. खाली बैटरी मेरे यहाँ बहुत पड़ी हैं."

"हव," लहानू म्हणाला. "ये लाके देगा." आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"हव, भरके लाऊँगा," मी म्हणालो.

गल्लीत बाया विहाराच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. जयंतीच्या झेंड्यांसाठी निळं कापड कापणं चाललं होतं. कांताबाई त्यांच्यात होती. पद्मिनी एका टोकाला. रिक्षा थांबली तशा कात्र्याही थांबल्या. इथे लहानू मराठीत बोलला. भोंग्यावर त्याला मराठीत बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"एकतीस तारखेले म्या दारूची सूचना देल्ली. दारू सस्त्यात द्याले बंदी हाय. तशी सूचना द्याले बी बंदी हाय. मले थे मालूम नव्हतं, पन म्या इचारून घ्याले पाह्यजे होतं. आपल्या गल्लीतल्या मानसाचा हात त्यात गेला. आज आबकारीत म्या हव म्हनून सांगितलं. सूचना देनारा, लहानू टेंभुर्णे, बीरगांव."

पद्मिनी उठली. कापड तसंच पायरीवर टाकून आपल्या घरात गेली आणि दार लावून घेतलं. बाकीच्या खाली बघत राहिल्या. लहानू माइक हातात धरून उभाच होता, जणू सूचना अजून संपली नव्हती.

मग कांताबाई कात्री उचलत, कुणाकडेही न बघता म्हणाली, "मांगच्या भोंग्यातून आवाज कमी येऊन राहिला."

लहानूनं जाऊन मागचा भोंगा वळवला, तार घट्ट केली आणि सगळी सूचना पुन्हा एकदा सांगितली. मागच्या घरांसाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेट जमा झाला. पावतीवर सही करताना त्यानं नाव जरा मोठ्या अक्षरात काढलं, असं मला वाटलं. आमच्या मालकानं त्याला काम देणं थांबवलं. मलाही त्या दुकानात बसवेना. आता मी समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात पेशंटांची नावं पुकारतो. ते मामाला जास्त इज्जतीचं वाटतं. शालिग्राम दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या ठेकेदाराकडे गेला, केसमध्ये त्याचंही नाव आहे, तारखा पडत आहेत. पद्मिनीच्या नवऱ्याला मिलमध्ये मशीनवरून काढून गेटवर बसवलं. त्याची दोन बोटं अजून वळत नाहीत. लहानू एकदा त्याला भेटायला गेला होता. आत घेतलं, पाणी दिलं, बोलले मात्र नाहीत.

चौदा एप्रिलला पुढच्या गाडीवर यशदीप होता. चांगला बोलला, हिंदीत, जोशात, मध्येमध्ये आवाज फाटत होता. लहानू मिरवणुकीत होता, पांढरा शर्ट, पांढरी पँट, पुढेही नाही, मागेही नाही. मी त्याच्या बाजूला चाललो. घोषणा झाली की सगळ्यांसोबत तो उत्तर देई, तेवढ्याच आवाजात, जेवढा भोंग्याविना माणसाला असतो. विहाराच्या वळणावर कांताबाई बायांच्या रांगेतून वळून एकदा त्याच्याकडे बघून गेली. मिरवणूक संपल्यावर यशदीप खाली उतरून आला.

"काका, कैसा हुआ?"

"चांगलं झालं," लहानू म्हणाला. "पन शेवटी तुह्यं नाव नाही सांगितलं."

यशदीप हसला. लहानू हसला नाही. पोरानं मग मान खाली घातली.

अलीकडे लहानू पुन्हा फिरू लागला आहे, भोंग्याविना. नळाची वेळ बदलली, पोलिओच्या डोसाचा दिवस आला, कुणी वारलं, तर सायकलवरून गल्लीच्या तोंडाशी उतरतो आणि उघड्या घशानं सांगतो. लांबच्या घरांपर्यंत पोचत नाही. जिथवर पोचतं तिथवर घागरी निघतात.

नत्थूची बॅटरी मी त्या फेरीच्याच संध्याकाळी परत नेऊन ठेवली. समता कॉलनीकडची शेवटची गाडी चुकेल म्हणून घाईत होतो, ती उतरलेलीच ठेवली. उद्या भरून देतो म्हणालो, ते राहूनच गेलं. नत्थूनं गुटखा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. आता बीरगांवात गेलो की त्याच्या दुकानावरून जावंच लागतं.

"खाली लाया था," तो म्हणतो.

"हव," मी म्हणतो, आणि पुढे जातो.